पिल्लं दिसेनात तेव्हा : आमचा प्रोजेक्टर आणि एचडीआरचं चित्र

आज आम्ही बोलणार आहोत प्रोजेक्टरवर. लोणचं-पापड, कुळथाचं पीठ, काजूगर सोडून या बायका आज हे काय घेऊन बसल्या, असं कुणाला वाटेल. पण आमच्या बचत गटाने कर्ज काढून प्रोजेक्टर घेतला, पहिल्याच कार्यक्रमात आमची फजिती झाली, आणि ती निस्तरताना जे कळलं ते तुमच्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल. घरात नवा टीव्ही असला, चाकरमानी मुलाने महागडा फोन आणला असला, तरी यातलं अर्धं तुम्हालाही लागू आहे.

आमच्या मंडणगड तालुक्यात बाणकोटच्या पलीकडे वेळास आहे. नाना फडणविसांचं गाव म्हणून जुनी माणसं सांगतात, आणि आता कासवांचं गाव म्हणून सगळे ओळखतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि 2006 पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे येतात, गावातल्या घरांमध्ये राहतात, वहिनींच्या हातचे उकडीचे मोदक खातात, आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन पिल्लं समुद्रात जाताना बघतात. पण घरट्यातून पिल्लं कधी वर येतील ते पिल्लांच्याच मर्जीवर. दोन दिवस राहून एकही पिल्लू न बघता परत जाणारी माणसं असतात. त्यांना रात्री जेवणानंतर निदान पडद्यावर तरी पिल्लं दाखवावीत, म्हणून घरमालकिणी प्रोजेक्टर भाड्याने मागवतात.

तेच काम आम्ही धरलं. आमच्यातल्या एकीच्या दिरांनी ठाण्याचं घर पुनर्विकासाला दिलं, तेव्हा त्यांचा होम थिएटरचा प्रोजेक्टर 45,000 रुपयांत गटाला द्यायची तयारी दाखवली. यंत्र चांगलं होतं, एचडीआर घेणारं होतं, फक्त दिवा बराच जळलेला होता. बारा बायकांच्या बैठकीत दोघींचा विरोध होता. "आपल्याला शेवया कळतात, यंत्रं नाही," असं त्यातली एक म्हणाली. बहुमताने ठराव झाला, कर्ज निघालं, महिना 2,500 रुपयांचा हप्ता बसला.

पहिला कार्यक्रम फेब्रुवारीतला. एका घरी अठरा पाहुणे होते. आमच्या एका भाच्याने मागच्या वर्षी चांगल्या कॅमेऱ्यावर पिल्लांचं चित्रण केलं होतं, आणि संगणकावर जोडून त्याची वीस मिनिटांची फिल्म एचडीआरमध्ये करून दिली होती. त्याच्या टीव्हीवर आम्ही ती पाहिली होती. पहाटेची ओली वाळू, फेसाची कड, काळसर पिल्लं पंख मारत पुढे सरकतात, बघून अंगावर काटा आला होता. तीच फिल्म आम्ही ओटीवर पडदा बांधून लावली. पडदा चांगला मोठा, जवळजवळ अकरा फूट रुंद. मोठं दिसावं, पैसे वसूल व्हावेत, हा आमचा हिशोब.

चित्र लागलं आणि सगळं काळोखात बुडालं. समुद्र होता, आभाळात एक उजळ पट्टा होता, खाली नुसता काळा गोळा. पुढे बसलेली एक लहान मुलगी आईला मोठ्याने विचारते, "आई, पिल्लं कुठायत?" लोक हसले. आम्ही घाईघाईने मेन्यूत जाऊन ब्राइटनेस वाढवला. तेव्हा पिल्लं काही दिसली नाहीत, उलट सगळ्या चित्रावर राख सांडल्यासारखं झालं. मग कॉन्ट्रास्ट वाढवला, तर फेसाचा नुसता पांढरा डाग झाला. पंधरा मिनिटांत पाहुणे एकेक करून उठले. घरमालकीण बिचारी काही बोलली नाही. भाड्याचे 800 रुपये तिने हातावर ठेवले आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी नको हां, आम्ही दुसरीकडून बघतो." पैसे घ्यायची लाज वाटली, पण घेतले. हप्ता तोंडावर होता.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचं वर्णन करत नाही. विरोध केलेल्या दोघींनी आपला वाटा परत मागितला आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला आमच्याकडे तोंड नव्हतं. शेवटी ठरलं की यंत्र विकायचं तर विकू, पण आधी चार रात्री बसून बघू.

त्या चार रात्रींत काय कळलं ते आता सांगतो.

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. चित्रातला सगळ्यात काळा भाग आणि सगळ्यात उजळ भाग यांच्यातलं अंतर जास्त असणारं चित्र. उजेड मोजायचं माप आहे निट. एक चौरस मीटर जागेतून एका मेणबत्तीएवढा उजेड समोर आला तर तो साधारण एक निट, असं समजा. जुनं साधं चित्र सुमारे 100 निटच्या हिशोबाने बनायचं. 2014 साली एचडीआरसाठी जे नवं प्रमाण ठरलं, त्यात 10,000 निटपर्यंत जागा ठेवलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक फिल्मा 1,000 किंवा 4,000 निटच्या पडद्यावर बघून तयार करतात. चांगला टीव्ही त्याच्या जवळपास पोचतो. आणि प्रोजेक्टर? सिनेमाच्या थिएटरचं साध्या चित्रासाठीचं प्रमाण आहे 48 निट. होय, अठ्ठेचाळीस. थिएटरात मिट्ट काळोख असतो म्हणून आपल्या डोळ्यांना ते पुरतं. घरचा प्रोजेक्टर 50 पासून 150 पर्यंत देत असेल तर चांगलं म्हणायचं.

आता खरी गोम ऐका. जुनं चित्र म्हणजे आजीची पाककृती होती, मीठ चवीपुरतं. टोप लहान असो की मोठा, आपण त्या मानाने घालायचो. एचडीआरचं चित्र तसं बोलत नाही. ते सांगतं, या जागी बरोब्बर 600 निट, त्या जागी बरोब्बर 2 निट. मोजून मापून. टोप केवढा आहे ते त्याला माहीत नसतं. आता 1,000 निटचं चित्र 70 निटच्या पडद्यावर मावायचं कसं? प्रोजेक्टरला दोनच वाटा असतात. एक, वरचं कापून टाकायचं, म्हणजे ढग, फेस, दिव्याची ज्योत सगळं सपाट पांढरं. दुसरी, सगळंच दाबून बसवायचं, म्हणजे मधला आणि खालचा भाग काळोखात जातो. आमच्या यंत्राने दुसरी वाट धरली होती. पहाटेची वाळू आणि त्यावरची काळी पिल्लं हा सगळा खालचाच भाग. म्हणून पिल्लं गेली.

चांगली वाट मधली आहे. त्याला टोन मॅपिंग म्हणतात. नऊवारी छोट्या पेटीत ठेवायची तर पदर दुमडायचा, निऱ्या विस्कटायच्या नाहीत. तसं चित्रातला सगळ्यात उजळ भाग हळुवार दुमडायचा आणि खालचा-मधला भाग जसाच्या तसा ठेवायचा. किती दुमडायचं ते ठरवणारं बटण बहुतेक एचडीआर प्रोजेक्टरच्या मेन्यूत असतं. कुठे त्याला एचडीआर ब्राइटनेस म्हणतात, कुठे एचडीआर लेव्हल, कुठे नुसतं एचडीआर 10. जेव्हीसीसारख्या कंपनीच्या महाग यंत्रात 2019 पासून यंत्र स्वतः प्रत्येक फ्रेम पाहून हे ठरवतं. आपल्यासारख्यांना हाताने करावं लागतं. हे बटण आणि साधं ब्राइटनेसचं बटण वेगळं, हे आम्हाला फजितीच्या रात्री माहीत नव्हतं.

पण बटणाआधी उजेड. पहिली रात्र आम्ही फक्त उजेड वाढवण्यात घालवली आणि मेन्यूला हात लावला नाही. असा हिशोब करा. पडद्याची रुंदी आणि उंची मीटरमध्ये घेऊन गुणा. प्रोजेक्टरच्या लुमेनला त्या गुणाकाराने भागा, आलेल्या आकड्याला पुन्हा 3.14 ने भागा. साध्या पांढऱ्या पडद्यावर साधारण तेवढे निट मिळतात. आमच्या यंत्रावर 2,600 लुमेन लिहिलेत. दिवा जुना आणि चांगल्या रंगाच्या मोडमध्ये उजेड आणखी कमी, म्हणून आम्ही निम्मे, 1,300 धरले. अकरा फुटी पडदा, म्हणजे दीडशे इंची, साधारण 3.32 मीटर बाय 1.87 मीटर, 6.2 चौरस मीटर. उत्तर आलं 67 निट. तोच पडदा शंभर इंची केला, सव्वासात फूट रुंद, तर क्षेत्रफळ 2.76 चौरस मीटर आणि उत्तर 150 निट. दुपटीहून जास्त, आणि तेही एक रुपया खर्च न करता! आमच्यातल्या एका काकींना हे पटायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "एक वाटी तूप दोन पोळ्यांना लावलं तर लागतं, दहा पोळ्यांना लावलं तर नुसता वास येतो."

खोक्यावरच्या लुमेनबद्दल एक सावधगिरी. ऑनलाइन मिळणाऱ्या पाच-सात हजारांच्या छोट्या यंत्रांवर 9,000 लुमेन, 4के, एचडीआर असं सगळं छापलेलं असतं. खरं माप एएनएसआय लुमेनमध्ये लिहिलेलं असतं, ते विचारा. अशा यंत्रांचं खरं माप कित्येकदा काहीशेच निघतं. आणि 'एचडीआर सपोर्ट'चा अर्थ पुष्कळदा एवढाच की एचडीआरची फाइल आत जाते. बाहेर काय दिसेल याची हमी नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या एका गटाने असं यंत्र घेऊन ठेवलंय. त्यांना आम्ही सांगितलं, पडदा साठ इंचांचा करा आणि एचडीआर बंद ठेवा. आता त्यांच्या बैठकांना ते बरं चालतं.

उजेडाच्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. दिव्याचा इको मोड एचडीआरच्या वेळी काढायचा. फिल्टरमधली धूळ काढायची, आमच्या फिल्टरवर पोत्याच्या तंतूंचा थर होता. लेन्सला झूम असेल तर यंत्र पडद्याच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणून चित्र मोठं करायचं, लांबून झूम केलं की उजेड कमी पोचतो. आयरिस असेल तर पूर्ण उघडी. आणि खोली काळोखी हवी. चुन्याच्या पांढऱ्या भिंती पडद्यावरचा उजेड परत पडद्यावरच फेकतात आणि काळा रंग करडा होतो. आम्ही पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर घोंगड्या टांगल्या. स्वयंपाकघरातला दिवा बंद केला, तोही आधी राहिला होता. पडदा म्हणून चादर बांधली तर मागे उजेड गळतो, म्हणून मागून अस्तर लावलेलं जाड पांढरं कापड शिवून घेतलं. शिवण आमच्याच एकीने केली.

वेळाससारख्या गावात आणखी एक पथ्य पाळायचं. पिल्लं समुद्राकडे जातात ती पाण्यावरच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने. किनाऱ्याच्या बाजूला झगझगीत उजेड असला तर ती उलटी फिरतात. म्हणून किनाऱ्याकडे तोंड करून उघड्यावर पडदा लावायचा नाही. आम्ही आता ओटीवरसुद्धा लावत नाही, माजघरातच लावतो, दारं-खिडक्या लावून.

दुसऱ्या रात्री मेन्यू. आमच्यातल्या एकीचा मुलगा लग्नाची शूटिंग करतो, तो आला. त्याने सगळ्यात आधी मेन्यूतलं माहितीचं पान उघडलं. कुठला सिग्नल येतोय ते तिथे लिहिलेलं असतं. एचडीआर असेल तर तसं दिसतं, रंगाच्या रकान्यात बीटी 2020 दिसतं. हे आधी बघायचं कारण असं, की एचडीआर बिघडलं तर चित्र दोन तऱ्हांनी वाईट दिसतं, आणि दोन्हींचं औषध उलट आहे. यंत्राला एचडीआर ओळखता आलं पण उजेड पुरेना, तर चित्र काळोखं होतं. यंत्राला एचडीआर आहे हे कळलंच नाही, तर चित्र फिकट, धुतलेल्या लुगड्यासारखं करडं दिसतं. पहिल्यात टोन मॅपिंगचं बटण फिरवायचं. दुसऱ्यात यंत्राला हाताने सांगायचं की बाबा, हे एचडीआर आहे, नाहीतर फाइल साध्या चित्रात बदलून घ्यायची.

दुसरा प्रकार तुमच्या घरात नक्की झालेला असणार. मुंबईचा भाचा शिमग्याला येतो, पालखी नाचवतानाचा व्हिडिओ घेतो, गणपतीत घरच्या जुन्या लॅपटॉपवर लावतो, आणि गुलाल गुलाबी दिसायच्या ऐवजी विटकरी दिसतो. आयफोन 12 पासूनचे फोन व्हिडिओ डॉल्बी व्हिजन नावाच्या एचडीआरमध्ये घेतात. फोनच्या पडद्यावर झकास, बाहेर पंचाईत. गावात सगळ्यांना दाखवायचा व्हिडिओ असेल तर घेतानाच सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, त्यात एचडीआर व्हिडिओ हे बंद करायला सांगा. घेऊन झाला असेल तर लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये लावून बघा, 2018 साली आलेल्या त्याच्या 3.0 आवृत्तीपासून तो एचडीआरचं साधं चित्र करून दाखवतो. लॅपटॉप विंडोजचा असेल आणि प्रोजेक्टर जोडल्यावर सगळाच पडदा फिका झाला, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एचडीआरचं बटण चालू राहिलंय का बघा.

आता काळोख्या चित्राचं औषध. क्रम महत्त्वाचा आहे, आम्ही तो उलटा केला म्हणून फसलो. आधी पिक्चर मोड. डायनॅमिक, व्हिव्हिड असले मोड उजेड देतात पण माणसं हिरवट दिसतात, हळदीच्या फिल्मेत तर नवरीच हिरवी. सिनेमा किंवा नॅचरल घ्या. काही यंत्रांत सिनेमाच्या एका मोडमध्ये रंगासाठी आत एक फिल्टर सरकते, तिने रंग गहिरे होतात पण उजेड बराच जातो. आमच्यासारखा दिवा जुना असेल तर फिल्टर नसलेला मोड बरा.

त्यानंतर ते एचडीआरचं बटण. आमच्या यंत्रात 1 ते 16 आकडे आहेत आणि ते 8 वर होतं. आकडा खाली नेला की चित्र उजळतं, वर नेला की काळोखं होतं पण फेसातले बुडबुडे वेगळे दिसतात. तुमच्या यंत्रात उलटंही असेल, फिरवून बघा. एकाच दृश्यावर ठरवू नका. आम्ही दोन दृश्यं धरली, पहाटेची पिल्लं आणि दुपारचा चमकता समुद्र. पिल्लांसाठी 2 सुंदर, पण त्यावर दुपारचा समुद्र म्हणजे पांढरं फटक. समुद्रासाठी 7 सुंदर, पण पिल्लं गायब. या ओढाताणीत अख्खी तिसरी रात्र गेली.

तोडगा काकींनी काढला. त्यांना मेन्यूतलं एक अक्षर वाचता येत नाही, इंग्रजी नाही आणि मराठीही नाही. त्या मागे पाटावर बसून नुसतं चित्र बघत होत्या. 3 वर थांबलो तेव्हा आम्ही सगळ्या म्हणालो, झालं, दिसतायत पिल्लं. काकी म्हणाल्या, "दिसतायत गं, पण वाळू कोरडी दिसते." बरोबर होतं. ओल्या वाळूवर जी बारीक बारीक चमक असते, ती एकमेकीत मिसळून गेली होती. आकडा 5 केला. "आता ओली झाली," काकी म्हणाल्या. पिल्लं तिथेही दिसत होती, जराशी गडद, पण पायांची हालचाल कळत होती. आम्ही 5 वर कायम झालो. काकींचा जन्म किनाऱ्यावरचा, ओली वाळू कशी दिसते ते त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

त्यानंतरच ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. ब्राइटनेस हे नाव फसवं आहे. ते बटण उजेड वाढवत नाही, काळा रंग किती काळा ते ठरवतं. चित्रात काळी साडी किंवा काळे केस असलेलं दृश्य थांबवा. साडीच्या चुण्या जेमतेम दिसायला लागल्या की थांबा. त्याच्यापुढे गेलात की राख सांडते, आमची सांडली तशी. कॉन्ट्रास्टचं उलट, पांढऱ्या ढगातल्या कडा दिसेनाशा व्हायला लागल्या की एक पायरी मागे. शार्पनेस कमी ठेवा, वाढवला तर माणसांभोवती पांढऱ्या रेषा येतात. उजेड आपोआप कमीजास्त करणारी ऑटो आयरिस आमच्या फिल्मेला मानवली नाही, ढग आला-गेल्यासारखं चित्र धडधडायचं, म्हणून बंद केली. रंगाचं बटण सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

चौथ्या रात्री आम्ही एक वेगळीच परीक्षा घेतली. तीच फिल्म खोक्यातून एचडीआर बंद करून लावली. मीडियाच्या खोक्यात किंवा फायर स्टिकसारख्या काडीत डायनॅमिक रेंजचं सेटिंग असतं. तिथे एचडीआर कायम चालू, चित्र बघून आपोआप, किंवा बंद, असे पर्याय मिळतात. बंद केलं की खोकाच साधं चित्र करून देतो. आणि खरं सांगायचं तर दीडशे इंची पडद्यावर साधं चित्रच जास्त बरं दिसलं. शंभर इंचीवर एचडीआर जिंकलं, तेही जेमतेम. तेव्हा तुमच्या यंत्राचा हिशोब 50-60 निटच्या आसपास येत असेल तर एचडीआर बंद करण्यात काही कमीपणा नाही. 'आपोआप' हा पर्याय बहुतेकांना सोयीचा. 'कायम चालू' मात्र ठेवू नका, जुन्या साध्या फिल्मासुद्धा त्यात विचित्र दिसतात.

त्या रात्री काम झाल्यावर बायकांनी हट्ट धरला की आता एक सिनेमा लावाच, आणि 'तुंबाड' लावला. 2018 चा तो सिनेमा. नावाचं गाव आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातलं, म्हणून सगळ्यांना उत्सुकता. सगळा पाऊस, अंधार आणि कंदील. निम्म्या जणी भ्यायल्या, पण कंदिलामागचा चेहरा दिसतो की नाही एवढं बघायला त्याच्याइतका चांगला सिनेमा नाही. हे आम्ही घरात, आमच्या आमच्यात पाहिलं. ओटीटीचं घरगुती सदस्यत्व घरापुरतंच असतं. त्यावरचा सिनेमा तिकीट लावून किंवा भाड्याच्या कार्यक्रमात दाखवता येत नाही. आम्हाला गणपतीत एकाने तसं विचारलं, आम्ही नाही म्हटलं. ज्याची फिल्म आहे त्याने लेखी परवानगी दिली असेल तेवढंच आम्ही दाखवतो. भाच्याकडूनसुद्धा लिहून घेतलंय.

मग आम्ही त्याच घरमालकिणीकडे गेलो. भाडं नको, एकदा बघा म्हटलं. मार्चचा दुसरा शनिवार होता, तेरा पाहुणे, माजघरात सव्वासात फुटी पडदा, बाजूला घोंगड्या. पाहुण्यांना आधी तो पडदा लहान वाटला, एकाने तसं बोलूनही दाखवलं. दिवे गेले, पहाट उजाडली, आणि पहिलं पिल्लू वाळूतून डोकं वर काढताना मागच्या रांगेतल्या आजोबांना दिसलं. त्यांनीच आधी बोट दाखवलं. घरमालकिणीने त्या रात्रीही 800 रुपये दिले आणि एप्रिलपर्यंतचे शनिवार सांगून टाकले. तिने शेजारणीलाही कळवलं. वाटा परत मागणाऱ्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी नाही आली, तिचे पैसे आम्ही दोन हप्त्यांत दिले.

आता पावसाळ्याचं. आपल्याकडे जूनपासून भिंतीला हात लावला तरी ओला होतो, आणि लेन्सच्या काचेवर बुरशी चढते. एकदा चढली की कितीही आकडे फिरवा, चित्रावर धुकंच. यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो, पुड्या रंग बदलल्या की मंद तव्यावर तापवून परत घालतो. डांबरगोळ्या नको, तांदळात तर अजिबात नको, त्याची भुकटी आत जाते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून अर्धा तास चालवतो. बंद करताना पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. कार्यक्रमात लाईट जाते त्यासाठी छोटा यूपीएस घेतला, तापलेला दिवा एकदम बंद झाला की त्याचं आयुष्य घटतं.

आमचे सगळे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून यंत्राच्या पिशवीत शिवून टाकलेत. मोड नॅचरल, एचडीआर 5, इको बंद, आयरिस उघडी, पडदा शंभर इंच. कुणीही गेली तरी तेच लावते. दिवा बदलला की हे सगळं पुन्हा बसून ठरवावं लागणार, कारण नव्या दिव्याचा उजेड जास्त असेल. नवा दिवा गणपतीआधी घ्यायचाय. आठ हप्ते अजून बाकी आहेत, आणि भाद्रपदात चार घरी यंत्र सांगून ठेवलंय. एका घरी नमन-खेळ्यांचा जुना व्हिडिओ लावायचाय, मशालींच्या उजेडातला. त्या व्हिडिओसाठी 5 चालणार नाही असं काकींचं म्हणणं आहे, पुढच्या बुधवारी लावून बघणार आहोत.